नगरसेवक आणि पर्यावरण-वाहतूक धोरण (छत्रपती संभाजीनगर)

महानगरपालिकेच्या निर्वाचित सदस्याचे वृक्ष, पाणी, कचरा व सार्वजनिक वाहतूक यांविषयीचे वैधानिक काम.

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. पहिली निवडणूक १९८८ मध्ये झाली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण हे विषय आणले (→ स्थानिक स्वराज्य संस्था).

नगरसेवक या विषयांवरील अधिकार सर्वसाधारण सभा व समित्यांमार्फत वापरतो. स्थायी समिती खर्चास मंजुरी देते. वृक्षतोडीचे प्रस्ताव १९७५ च्या राज्य अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणापुढे येतात. आयुक्त त्याचे अध्यक्ष, तर नगरसेवक सदस्य असतात. आयुक्त दरवर्षी सभागृहापुढे ठेवतात तो पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल प्रशासनाला जाब विचारण्याचे महत्त्वाचे साधन होय. २०१८ मध्ये नारेगाव कचरा डेपोविरुद्ध ग्रामस्थांनी आंदोलन केल्यावर कचऱ्याचे वर्गीकरण व विकेंद्रित प्रक्रिया हे विषय सभागृहात अग्रक्रमाने आले (→ घनकचरा व्यवस्थापन).

वाहतुकीत मात्र हे अधिकार आकुंचित झाले. २०१९ च्या सुमारास सुरू झालेली ‘माझी स्मार्ट बस’ सेवा महानगरपालिकेच्या परिवहन समितीऐवजी स्मार्ट सिटी कंपनीकडे राहिली, आणि कंपनीच्या निर्णयांना सभागृहाची मंजुरी नेहमी लागत नाही (→ स्मार्ट सिटी अभियान).

एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले. खाम नदी पुनरुज्जीवनाचे काम याच काळात महानगरपालिका, छावणी परिषद व स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने उभे राहिले (→ खाम नदी).