पाणथरीचे चित्र : एका दडलेल्या अवयवाच्या निदानाचा इतिहास

प्लीहा, म्हणजेच आपल्या बोलीतील पाणथरी, डाव्या बरगड्यांखाली दडलेली असते. हिवतापात ती वाढली की वैद्याच्या बोटांस लागते. पण एखाद्या बालकास ती जन्मतःच नसेल, तर कळावे कसे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना प्राणघातक जंतुसंसर्ग होतो, हे अमेरिकेतील किंग व शूमाकर यांनी १९५२ साली निदर्शनास आणले. १९५५ मध्ये स्वीडनचे इवेमार्क यांनी प्लीहेचा जन्मजात अभाव व हृदयाचे दोष यांचा संबंध सविस्तर मांडला.

रॉन्टजेन यांनी १८९५ मध्येच क्ष-किरण शोधले होते. परंतु प्लीहेसारखा मऊ अवयव त्यांत स्पष्ट उमटत नसे. त्यावर १९३०च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे थोरियमयुक्त द्रव्य वापरात आले. शिरेतून दिले असता ते यकृत व प्लीहेत साठे आणि चित्र सुरेख येई. मात्र ते शरीराबाहेर जवळजवळ पडतच नसे. त्याचा किरणोत्सर्ग आतल्या आत वर्षानुवर्षे चाले व कित्येकांना काही दशकांनी यकृताचा कर्करोग झाला. चित्र रोखीने मिळाले, किंमत तेवढी उधारीवर राहिली!

पुढे टेक्नेशियम-९९एम आले. त्याचा किरणोत्सर्ग सहा तासांत निम्मा होतो. रुग्णाच्याच तांबड्या पेशींना हे द्रव्य जोडून त्या किंचित तापवितात व पुन्हा शरीरात सोडतात. बिघडलेल्या पेशी टिपणे हे प्लीहेचे नित्यकर्म. म्हणून जेथे प्लीहा असेल, तेथेच त्या गोळा होतात. कोठेच गोळा झाल्या नाहीत, तर कार्यक्षम प्लीहा नाही असे समजावे. अवयवाने आपल्या कामानेच आपला पत्ता द्यावा, ही युक्ती खरोखर अजोड होय.

ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी उदरातील गाठी दाखविल्या. त्यातूनच वाढलेली सोनोग्राफी किरणोत्सर्गविरहित असल्याने बालकांसाठी आज प्रथम तीच करतात. क्वचित एखाद्या मुलाची प्लीहा बंध सैल असल्याने जागा सोडून खाली उतरते व पीळ पडून असह्य वेदना होतात. अशा वेळी डॉप्लर तपासणीत रक्तप्रवाह दिसतो की नाही, हे पाहतात. प्लीहा जिवंत असेल तर पीळ सोडवून ती जागी बसविता येते. मृत झाली असेल तर काढावीच लागते.

प्लीहा नाही असे निश्चित झालेल्या बालकास न्यूमोकोकस आदी जंतूंविरुद्ध लसी व दीर्घकाळ पेनिसिलिन देतात. ताप आला की सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, असे आईवडिलांना बजावले जाते.