लपलेली फाइल, गेलेली फाइल

२०१५च्या आसपास पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्यांना हे आठवत असेल. सबमिशनचा आठवडा, कॉलेजबाहेरचं झेरॉक्सचं दुकान, तिथल्या कॉम्प्युटरला एकामागून एक लागणारे पेन ड्राइव्ह. प्रिंट निघायच्या. खोलीवर येऊन ड्राइव्ह उघडला, की फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट.

माझ्या रूममेटने ते पाहिलं, "व्हायरसने सगळं खाल्लं" म्हणाला, ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि त्यावर चार सिनेमे भरले. त्यात त्याच्या वडिलांचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नसलेले. वडील आदल्या वर्षी गेले होते.

दोन दिवसांनी माझ्या ड्राइव्हचंही तेच झालं. दुकानातल्या काकांनी काळी खिडकी उघडून 'ॲट्रिब' अशी एक आज्ञा टाइप केली. फोल्डर जसेच्या तसे परत आले. ते कुठे गेलेच नव्हते, फक्त लपवले होते. रूममेट शेजारीच उभा होता. काही बोलला नाही.

ही लपवाछपवी आली कुठून? १९८१च्या पीसी डॉसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची असे. त्यातला एक बाइट गुणधर्मांचा. त्यातलं एक बिट म्हणजे 'हिडन', दुसरं 'सिस्टिम'. वापरणाऱ्याने चुकून डॉसच्याच फाइली पुसू नयेत, म्हणून त्या यादीत दिसत नसत. म्हणजे हे कुलूप नव्हतं, पडदा होता. पेन ड्राइव्हवरचा व्हायरस हीच दोन बिटं चालू करायचा. काकांची आज्ञा ती बंद करायची.

युनिक्समधली गोष्ट आणखी मजेशीर आहे. तिथे प्रत्येक फोल्डरमध्ये एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असतात, स्वतःची आणि वरच्या फोल्डरची. यादीत त्या दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपी अट घातली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर वगळा. रॉब पाइक यांनी २०१२मध्ये लिहिलं, की लपवलेल्या फाइलींची कल्पना या आळसातून, अपघातानेच जन्माला आली. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तो अपघात आजही चालू आहे. व्हॉट्सॲपवर पाहिलेली स्टेटस ज्या फोल्डरमध्ये साठतात, त्याच्या नावाआधी टिंब असतं.

विंडोज ९५बरोबर एक्सप्लोरर आला. फोल्डरची खिडकी, डेस्कटॉप आणि खालची पट्टी, तिन्ही एकाच प्रोग्रामच्या हातात. शिवाय इतर सॉफ्टवेअरना राइट क्लिकच्या मेनूत आपली कलमं घुसवायची सोय. ती कलमं एक्सप्लोररच्याच पोटात चालतात. त्यातलं एक बिघडलं की एक्सप्लोरर कोसळतो आणि खालची पट्टीही जाते. आपल्याला वाटतं, कॉम्प्युटरच मेला. खरं तर फाइली शाबूत असतात, फक्त त्या दाखवणारा पडलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून 'एक्सप्लोरर' पुन्हा चालवावा. एखादाच फोल्डर उघडताना तो पडत असेल, तर थंबनेल बंद करून पाहावं. राइट क्लिक केल्यावर पडत असेल, तर नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर काढावं.

दाखवणाऱ्यावरचा हा विश्वास महागातही पडतो. २०१०मध्ये उघड झालेला स्टक्सनेट शॉर्टकटचं नुसतं चित्र एक्सप्लोररमध्ये दिसलं तरी चालू व्हायचा. मायक्रोसॉफ्टने ती फट त्याच वर्षी बुजवली आणि फेब्रुवारी २०११मध्ये जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्ह आपोआप चालू होणं बंद केलं. मग व्हायरसला माणसाचं बोट लागू लागलं. म्हणून खरे फोल्डर लपवायचे आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवायचे. आपण सवयीने क्लिक करत राहिलो.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. पेशवे दफ्तर इथेच, हजारो रुमालांत बांधलेलं. कागद होते, पण ते मोडीत, आणि इंग्रज सरकार अभ्यासकांना सहज आत येऊ देत नसे. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, तेव्हा कुठे ते सगळ्यांपुढे आले. त्याआधी ते नव्हते, असं कुणी म्हणणार नाही. रुमाल उघडण्याआधी कुणी ते जाळले नाहीत, हे आपलं नशीब.

हल्ली कुणी "सगळं गेलं" म्हणत लॅपटॉप घेऊन आलं, की मी आधी एवढंच सांगतो: काही पुसू नकोस, काही नवीन भरू नकोस. मग 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण करतो. बऱ्याचदा फिकट रंगाचे फोल्डर तिथेच असतात.

रूममेटने तो पेन ड्राइव्ह अजून ठेवला आहे. त्यावर चार सिनेमे आहेत.