भरतीबरोबर गोवळकोटला

साल 1880. माघी पौर्णिमेची रात्र सरते आहे. मुंबईच्या आगबोटीने तुम्हाला दाभोळला उतरवलं आहे. चंद्र समुद्राकडे कलला आहे आणि पलीकडच्या काठावर अंजनवेलच्या किल्ल्याचा तट काळा दिसतो. मचव्यावरून तांडेल सांगतो, "बसून घ्या, पाहुणे. पाणी फिरलं की सुटायचं."

इथे वेळ ठरवते ती खाडी. उधाणाची भरती दुपारच्या सुमारास पुरी होते. म्हणजे ओहोटी संपते ती उजाडताना. तोवर मशिदीच्या घुमटापर्यंत चालून या. आदिलशाहीतलं हे भरभराटीचं बंदर. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथूनच मायदेशी निघाला. 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदाने गाव जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं.

परतता तेव्हा दोर सुटलेला असतो. वाशिष्ठी नदीचं पाणी आता डोंगराच्या दिशेने चढतंय. खलाशी दोन-चार वल्ही मारतात, बाकीचं काम भरती करते. दोन्ही काठांना कांदळवन. चिखलात ओंडका पडलाय असं वाटतं, तोच तो सरकतो आणि पाण्यात शिरतो: मगर. एखाद्या वाडीच्या उतारावर मचवा टेकतो. मिठाची पोती उतरतात, नारळ चढतात, कुणाची तरी लेक माहेरी जायला गाठोडं घेऊन बसते. फार रेंगाळता येत नाही, कारण पाणी थांबत नाही. ऊन चढलं की मागून समुद्रवारा सुटतो. शीड भरतं आणि मचवा वेग घेतो.

दुपारी गोवळकोट, चिपळूणचा धक्का. टेकडीवरचा किल्ला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला. धक्क्यावर जुन्या तोफा पुरल्या आहेत, त्यांनाच मचवा बांधतात. समोरच्या डोंगरावर परशुरामाचं देऊळ. आणि धक्क्यावर ही गर्दी! कुंभार्ली घाट उतरून आलेल्या बैलगाड्या, देशावरच्या कापसाचे गठ्ठे, हमालांच्या हाका. कापूस मुंबईला जाणार. मीठ, सुकी मासळी, नारळ घाटावर जाणार.

चिपळूणची पेठ इथेच का वसली, ते आता तुमच्या डोळ्यांसमोर आहे. समुद्रापासून सुमारे 25 मैल आत, जिथवर भरती माल आणू शकते आणि जिथवर बैल घाट उतरून येऊ शकतात, तिथेच बाजार भरला. या पेठेची जागा नदीने ठरवली.

येत्या दहा वर्षांत कराड-मिरजेकडे रेल्वे धावू लागेल आणि कापूस घाटाकडे पाठ फिरवेल. पुढे मोटारी येतील, पात्रात गाळ साचत जाईल, मचवे कमी होतील.

आता आपल्या काळात या. दाभोळ-धोपावे फेरीबोट माणसं आणि गाड्या पलीकडे पोचवते, पण आत जाणारी ती वाट आपण विसरलो. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा गाळाने भरलेल्या पात्राची सगळ्यांना आठवण झाली. जी नदी गाव वसवते तिचं पात्र मोकळं ठेवणं हे त्या गावाचं पहिलं कर्तव्य आहे. गाळ काढण्याचं काम पुरानंतरच्या वर्षापुरतं नको, दरवर्षी व्हायला हवं. चिपळूणला गेलात तर गोवळकोटच्या धक्क्यावर जरूर जा, आणि भरतीच्या वेळी जा.