एक शून्य आणि थांबलेली युद्धनौका

१/ २१ सप्टेंबर १९९७. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील केप चार्ल्सजवळच्या समुद्रात 'यूएसएस यॉर्कटाउन' ही क्षेपणास्त्रवाहू क्रूझर सरावात होती. वादळ नव्हते, शत्रूही नव्हता. तरीही तिची प्रणोदन यंत्रणा बंद पडली आणि सुमारे पावणेतीन तास ही नौका पाण्यावर निश्चल राहिली. कारण होते डेटाबेसच्या एका रकान्यात भरले गेलेले शून्य.

२/ यॉर्कटाउन ही अमेरिकी नौदलाच्या 'स्मार्ट शिप' प्रयोगाची नौका होती. कमी खलाशांनिशी मोठे जहाज चालवायचे, हा त्या प्रयोगाचा हेतू. त्यासाठी तिच्यावर विंडोज एनटी ४.० प्रणालीवर चालणारे २७ संगणक परस्परांना जोडून बसवले होते. सुकाणू, इंजिने, इंधन या साऱ्यांची देखरेख आता पडद्यावरून होणार होती.

३/ त्या दिवशी इंधनाच्या एका झडपेची नोंद दुरुस्त करण्याचे काम चालू होते. नोंद करताना एका रकान्यात शून्य गेले. पुढे डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामने त्याच संख्येने भागाकार केला. शून्याने भागणे संगणकाला अशक्य. पण दोष त्या एका प्रोग्रामपुरता थांबला नाही. तो जाळ्यातील इतर संगणकांपर्यंत पोहोचला आणि इंजिनांवरील नियंत्रणच सुटले.

४/ १९९८ मध्ये ही घटना वृत्तपत्रांत आली आणि वाद पेटला. कोणी विंडोजला दोष दिला, कोणी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना. नौका स्वतःच्या बळावर बंदरात परतली की ओढून आणावी लागली, यावरही परस्परविरोधी दावे झाले. नौदलाने सांगितलेल्या उपायांपैकी एक लक्षणीय होता : असा चुकीचा रकाना आढळल्यास त्याला वळसा घालून त्यातील संख्या बदलण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिले गेले. म्हणजे प्रोग्रामने धरायची सावधगिरी माणसावर सोपवली गेली.

५/ शून्याने भागण्याचे कोडे संगणकाहून फार जुने आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याच्या गणिताचे नियम मांडले. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, असे त्याने म्हटले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्य हा भाजक असलेल्या राशीला 'खहर' हे स्वतंत्र नाव दिले. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाची नोंद आहे. गणिती अशा राशीला नाव देऊन पुढे विचार करू शकतो. यंत्राला मात्र पुढे काय करायचे, हे आधीच सांगून ठेवावे लागते.

६/ शून्याला एक फसवे भावंडही आहे : रिकामा रकाना. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना संबंधात्मक डेटाबेसचा सिद्धान्त मांडला. पुढे त्यात 'नल' ही कल्पना रुजली. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा मजकूरही नव्हे. तो 'मूल्य उपलब्ध नाही' असे सांगणारा संकेत आहे. त्यामुळे 'खरे' आणि 'खोटे' यांच्या जोडीला 'अज्ञात' हे तिसरे उत्तर आले. एक नल दुसऱ्या नलाइतका आहे का, या प्रश्नाचे उत्तरही 'अज्ञात' असेच येते.

७/ प्रोग्रामिंगच्या भाषांत याच नावाचा एक नातलग १९६५ च्या सुमारास आला होता. कोलंबोत जन्मलेले ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर 'अल्गोल डब्ल्यू' या भाषेसाठी काम करत होते. कोठेही न नेणारा 'नल' संदर्भ त्यांनी भाषेत ठेवला, कारण तो ठेवणे फार सोपे होते. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. इतक्या मोठ्या मानाच्या शास्त्रज्ञाने दिलेली ही कबुली विरळाच.

८/ १९९२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आले आणि डेटाबेस कचेरीतल्या साध्या संगणकावर उतरला. तज्ज्ञ नसलेली माणसेही फॉर्म बांधू लागली. आता जुनी कोडी नव्या रूपात समोर आली. फॉर्मवरचा रिकामा रकाना नल देतो. पण त्या प्रोग्रामिंग भाषेत नल सामावून घेणारा व्हेरिएबलचा प्रकार एकच, व्हेरिएंट. मजकुराच्या किंवा पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये तो घातला की त्रुटी क्रमांक ९४ येते.

९/ याहून मोठी अडचण पुढे होती. वापरकर्त्याचे नाव, निवडलेला ग्राहक अशा गोष्टी अनेकजण सर्व फॉर्मना दिसणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवत. एखाद्या फॉर्ममध्ये न हाताळलेली त्रुटी आली आणि प्रोग्राम तेथेच थांबवला गेला, की ती सारी व्हेरिएबले पुसली जात. मग ज्याचा मूळ चुकीशी संबंधच नाही, असा दुसरा फॉर्म कोसळे. २००७ च्या आवृत्तीत 'टेम्पव्हार्स' आले. त्यातील मूल्ये अशा त्रुटीनंतरही टिकतात.

१०/ हे केवळ नवशिक्यांचे दुखणे होते काय? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, प्रज्वलनानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. चौकशीत उघड झाले की अशा धोक्याची सात व्हेरिएबले होती. चारांना संरक्षण दिले होते, तिघांना नाही. संगणकावरचा भार मर्यादेत राहावा, म्हणून. तो हिशेब जुन्या एरियान-४ च्या उड्डाणमार्गावर बेतलेला होता.

११/ या घटनांतून प्रोग्रामरांची एक शिस्त घडत गेली. प्रत्येक व्हेरिएबल आधी घोषित करावे. रकाना रिकामा आहे का, हे वापरापूर्वी तपासावे. भाजक शून्य नाही, याची खात्री करूनच भागावे. चुकीचे मूल्य डेटाबेसच्या दारातच अडवावे. त्रुटी आलीच, तर ती जेथे उद्भवली तेथेच हाताळावी. यातला एकही नियम अवघड नाही. टाळला जातो तो 'असे कोण भरणार?' या एका विचाराने.

१२/ यॉर्कटाउन २००४ मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली. तिच्या कथेत शून्य भरणाऱ्या खलाशाकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण चुकणे हा माणसाचा धर्म आहे, आणि फॉर्म माणसांसाठीच असतो. त्या खलाशाच्या हातून एक अंक चुकला. तो अंक इंजिनापर्यंत जाऊ देणारे दार मात्र कोणीतरी फार आधी उघडे ठेवले होते.

(समाप्त)