सूर्यासमोर माळरान टिपताना

कॅमेरा प्रथम हाती आला की 'सूर्य पाठीशी ठेव' हा सल्ला ठरलेला. कोडॅकच्या जुन्या माहितीपुस्तिकांतही तेच सांगितलेले असे. माणसांचे फोटो काढताना तो आजही चुकीचा नाही. मात्र लातूर-नांदेडकडच्या माळरानावर तो पाळणारा छायाचित्रकार बहुधा हिरमुसून परततो. बालाघाटच्या पठारावरील या माळांवर ना दाट झाडी, ना उंच कडे. सूर्य पाठीशी घेतला की समोर उरते ती सपाट, पिवळट जमीन. त्याच जागी वळून सूर्याकडे तोंड केले की माळ जिवंत होतो.

याचे कारण गवतात आहे. कुसळी, मारवेल यांची पाती पातळ आणि तुरे केसाळ असतात. मागून आलेला प्रकाश त्यांतून आरपार येतो आणि प्रत्येक कुसळाची कड उजळते. (हीच कुसळे पायमोज्यांत किती रुततात, हे माळावर गेल्यावरच कळते.) दगडगोटे आणि बाभळी यांच्या सावल्या आपल्या दिशेने लांबत येतात आणि सपाट जमिनीला उठाव मिळतो. धुळीचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्याच दिशेने विखुरतात. त्यामुळे पाठीमागून पाहता न जाणवणारी धूळ सूर्यासमोरून पाहताना झळाळते. गुरे घराकडे परतण्याच्या वेळेला आपल्याकडे गोरज म्हणतात, ते उगाच नव्हे.

पूर्वी असे छायाचित्र घेणे जिकिरीचे होते. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि त्या दरबाराचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांच्या काळातील काचेच्या प्लेट निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक येई. प्रखर प्रकाश काचेच्या मागील पृष्ठभागावरून परावर्तित होऊन उजळ वस्तूभोवती धुरकट वलयही उमटवी. सूर्याकडे पाठ फिरवण्यात शहाणपणच होते.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. गवत सोनेरी झालेले असते. पुढे ते कापले जाते, चरले जाते किंवा वणव्यात जाते. नोव्हेंबरच्या मध्यास लातुरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. हात लांब करून क्षितिजावर मूठ धरली तर ती साधारण दहा अंश भरते. सूर्य मुठीच्या वरच्या कडेला टेकला, की हाती सुमारे पाऊण तास आहे असे समजावे. जूनमध्ये पाहून ठेवलेली जागा डिसेंबरात फसवते. दक्षिणायनाच्या टोकाला सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला.

खरी कसोटी एक्स्पोजरची. चौकटीत सूर्य आला की कॅमेऱ्याचा मीटर दिपतो आणि सारे चित्र काळवंडते. छायाकृतीच हवी असेल तर ते चालते. एकटी बाभूळ किंवा मेंढ्यांमागे निघालेला धनगर एवढा आकार पुरतो. गवताचा तपशील हवा असेल तर सूर्य चौकटीबाहेर ठेवून मोजमाप घ्यावे किंवा एक-दोन स्टॉप वाढवावेत. मात्र डिजिटल कॅमेऱ्यात जळून पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही, अंधारलेला भाग रॉ फाइलमधून बराच उजळता येतो. त्यामुळे हात आखडता घेतलेला बरा. निगेटिव्ह फिल्मवर वाढलेल्यांना ही सवय उलटी वाटते.

सर्वांत सोपी युक्ती म्हणजे सूर्य खोडाआड अर्धा लपवणे. ॲपर्चर एफ-१६ पर्यंत लहान केले की कडेशी तारा उमटतो. पाती सम असतील तर किरण तितकेच, विषम असतील तर दुप्पट. लेन्स पुसलेली असावी आणि पुढचा फिल्टर काढलेला असावा. सूर्य चौकटीतच असताना हूडचा उपयोग नाही. सूर्यबिंबाची प्रतिमा फोकल लेंग्थच्या साधारण शंभराव्या भागाइतकी पडते. म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सवर अर्धा मिलिमीटर, २०० वर दोन. मोठे बिंब हवे तर लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि नेमका तिथेच धोका आहे. डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नये. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. इजा झाल्याचे नंतर कळते. मागील पडद्यावर किंवा मिररलेस कॅमेऱ्यात पाहूनच चौकट जुळवावी.

हे माळ कागदोपत्री मात्र उपेक्षित आहेत. २००० मध्ये निघालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन आणि ऱ्हास पावलेली कुरणे हे पडीकाचेच प्रकार ठरले. सोलापूरकडील नान्नजच्या अशाच माळांवर १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, म्हणून तिकडे लक्ष तरी गेले. इकडे खडी काढण्यासाठी माळ फोडताना कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. यंदा टिपलेल्या चौकटीची जागा आणि तारीख नोंदवून ठेवावी, ती यासाठी.

माणसांसह माळ पाहायचा असेल तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा गाठावी. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजारातील धूळ आणि उधळलेला भंडारा मावळतीसमोर एकाच रंगाचे होतात. घोडेवाल्याची परवानगी आधी घ्यावी, कॅमेरा नंतर काढावा आणि लेन्स बदलण्याचे काम गाडीत बसूनच उरकावे.