स्थिर संकेतस्थळ-जनक

मजकुराच्या साध्या फायलींपासून संकेतस्थळाची सर्व पाने आगाऊ रचून ठेवणारी संगणकीय आज्ञावली. मूव्हेबल टाइप (२००१) या अनुदिनी-आज्ञावलीत पाने आगाऊ रचण्याची रीत होतीच; तथापि टॉम प्रेस्टन-वर्नर यांचे जेकिल (२००८) व स्टीव्ह फ्रान्सिया यांचे ह्यूगो (२०१३) यांमुळे ती वैयक्तिक संकेतस्थळांत रूढ झाली. लेखक मार्कडाउन या खूणपद्धतीने मजकूर लिहितो, फायलीच्या शिरोभागी शीर्षक व दिनांक नोंदवितो, आणि आज्ञा देताच ठरलेल्या साच्यांनुसार पाने सिद्ध होतात. वाचकाच्या मागणीच्या वेळी विदागाराची (पहा : विदागार) गरज उरत नसल्याने खर्च अल्प होतो व घुसखोरीसही वाव कमी राहतो. दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरासारख्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, जेथे बदलीच्या हुकुमासरशी बिऱ्हाड हलते, तेथे सारे दप्तर एका फोल्डरात राहून कोणत्याही सर्व्हरवर नेता येणे, ही सोय विशेष मोलाची होय. अशा संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ पासून मराठीसाठीही उपलब्ध आहे (पहा : युनिकोड). मात्र शीर्षकावरून पानाचा पत्ता घडविताना काही साधने स्वरचिन्हे गाळतात व ‘पुणे’ चे ‘पण’ होते; म्हणून मराठी लेखकाने पत्ता स्वहस्ते नोंदविणे इष्ट.