दातांविषयी विचारताना : प्रस्तावना

दंतारोग्याच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांना प्रश्नावलीचे रूपांतर हे कारकुनी काम वाटते. किडलेले दात मोजणे हे खरे संशोधन, आणि ‘सहमत-असहमत’च्या खुणा म्हणजे जोडकाम, असा समज रूढ आहे. पण दात ठणकेपर्यंत माणूस दवाखान्याची पायरी का चढत नाही, हे तोंड तपासून कळत नाही. ते त्यालाच विचारावे लागते. विचारायचे कसे, याचे धडे अरबी भाषक प्रौढांसाठी झालेल्या रूपांतरांतून फार चांगले मिळतात.

उदाहरणादाखल हिरोशिमा विद्यापीठाची प्रश्नावली घेऊ. मकोतो कावामुरा यांनी ती १९८८ मध्ये जपानीत तयार केली. त्यात २० विधाने आहेत आणि त्यांपैकी १२ विधानांना गुण मिळतात. ‘टूथपेस्टशिवायही मी दात नीट स्वच्छ करू शकतो’ हे त्यांतलेच एक. सहमती दर्शवली की एक गुण, कारण पेस्टच्या फेसापेक्षा घासण्याच्या पद्धतीवर भरवसा असणे हे जाणतेपणाचे लक्षण मानले आहे. आता हेच विधान मिसवाक, म्हणजे पिलूच्या झाडाची काडी, वापरणाऱ्या माणसापुढे ठेवा. तोही सहमत होतो, पण त्याच्या हातात पेस्ट कधी नव्हतीच. मिसवाकमागे पैगंबरांच्या आचरणाचा आदर आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांचा पाठ आहे. गुण दोघांना सारखाच मिळाला, अर्थ मात्र वेगवेगळे. बेरजेत हा फरक कुठेच दिसत नाही. आपल्याकडेही ‘दात घासता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई बिनदिक्कत ‘हो’ म्हणते, हे महाराष्ट्रात सर्वेक्षण करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण अरबीच्या दोन पातळ्यांची. लिहिण्या-वाचण्याची प्रमाण अरबी मोरोक्कोपासून आखातापर्यंत बहुतांशी एकच. घरात मात्र ती कोणी बोलत नाही. कमी शिकलेल्या प्रौढाला मुलाखतकार विधान वाचून दाखवतो, समोरचा गोंधळतो, मग मुलाखतकार ते कैरोच्या किंवा बगदादच्या बोलीत समजावतो. म्हणजे प्रत्येक मुलाखतकार आपापली प्रश्नावली राबवतो. बोलीतले पर्याय आधीच ठरवून छापावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यपद्धती म्हणून डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या पायऱ्या बहुतेक जण पाळतात : दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, मूळ भाषेत उलट भाषांतर, तज्ज्ञांची समिती आणि ३० ते ४० जणांवर प्राथमिक चाचणी. यात उलट भाषांतराचे स्तोम फार माजले आहे. शब्दाला शब्द ठेवलेले वाक्य उलटे फिरवले की मूळ वाक्य बिनचूक परत येते, भले अरबी वाचकाला त्यातून काही बोध होवो न होवो. प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेसाठी काढल्या जाणाऱ्या क्रोनबाखच्या अल्फा या आकड्याचेही तसेच. विधाने एकमेकांशी किती जुळतात एवढेच तो सांगतो. आपण नेमके काय मोजतो आहोत, ते सांगत नाही. खरी भिस्त शेवटच्या पायरीवर असते. ‘या विधानातून तुम्हाला काय समजले?’ असे उत्तर देणाऱ्याला विचारायचे आणि तो सांगेल ते शांतपणे उतरवून घ्यायचे. नेमकी हीच पायरी घाईत उरकली जाते.

वेळेचेही भान हवे. दिवसा टूथपेस्ट वापरली किंवा दातांवर उपचार घेतले तर रोजा मोडेल, अशी शंका रमजानमध्ये अनेकांना असते. काही गिळले गेले नाही तर मोडत नाही, असे बरेच धर्मपंडित सांगतात. तरी माणसे थांबतात. त्या महिन्यात ‘दवाखान्यात जाणे मी पुढे ढकलतो’ या विधानाला मिळालेली सहमती आळसाची म्हणून मोजू नये.

पुढील प्रकरणांत आकडेमोड बरीच आहे. ती वाचण्यापूर्वी एखादी प्रश्नावली घेऊन घरातल्या ज्येष्ठ माणसासमोर बसा, आणि ‘सहमत’ म्हणताना त्यांच्या मनात काय होते ते विचारून घ्या.